बॅलार्ड इस्टेटमधली तुमची इमारत: कोणी बांधली, कशावर उभी आहे, आणि दुरुस्तीआधी काय पाहायचं

प्रश्न लांबलचक होता, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये तळमजला आणि वर तीन मजले अशी एक दगडी इमारत. आत जहाजवाहतुकीची, वकिलांची, हिशेबनिसांची जुनी कार्यालयं. भाडेकरूंच्या समितीने दुरुस्तीसाठी पैसे जमवलेत, पण काम सुरू करण्याआधी इमारतीचा इतिहास नीट लिहून काढावा असं ठरलंय. कोणी ती १९१४ची म्हणतं, कोणी १९२५ची. मालकाच्या माणसाच्या मते गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी स्वतः बांधलेली. कंत्राटदार म्हणतो, ‘पूर्ण लोड-बेअरिंग, ब्रिटिशांचं काम, आतून काही बघायची गरज नाही, बाहेरून सिमेंटने दरजा भरू, वर सीलर मारू.’ लोड-बेअरिंग म्हणजे सगळा भार भिंतींवर, दरजा म्हणजे दगडांमधले सांधे, आणि सीलर म्हणजे पाणी अडवणारा लेप. यातलं खरं काय आणि ते शोधायचं कसं, हा प्रश्न.

मी तीस वर्षं फोर्ट आणि गोदीच्या पट्ट्यातल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती करतो आहे. पहिली विनंती ही की कंत्राटदाराला आज थांबवा. कारण पुढे येईलच.

विटेटचं आधी बघू. बॅलार्ड इस्टेटमधल्या प्रत्येक इमारतीचा मालक ‘ही विटेटची’ असं सांगतो आणि ते मनापासून सांगतो. त्यात तथ्य आहे, पण ते इमारतीच्या कातडीपुरतं. या वसाहतीची आखणी विटेटची. रस्ते कसे जातील, कोपऱ्यावरची इमारत चौकाकडे तोंड कसं करेल, उंची किती, दर्शनी भाग कोणत्या शैलीत, यावर त्यांची नजर होती. भूखंड मात्र वेगवेगळ्या कंपन्यांनी भाडेपट्ट्यावर घेतले आणि आपापल्या गरजेप्रमाणे इमारती उभ्या केल्या. म्हणून रस्त्यावरून सगळ्या एका घरातल्या भावंडांसारख्या दिसतात, आणि आत शिरलात की जिना वेगळा, चौक वेगळा, तक्तपोशी वेगळी. तुमच्या इमारतीचा इतिहास लिहायचा तर दोन हात वेगळे ओळखावे लागतील: रस्त्याला तोंड देणारा पोर्ट ट्रस्टचा, म्हणजे ही जमीन ज्यांची त्या बंदराच्या संस्थेचा हात, आणि आतला, भाडेपट्टा घेणाऱ्या कंपनीचा हात. माझ्या अनुभवात हे एक समजलं की दुरुस्तीचे निम्मे वाद आपोआप मिटतात.

ही एकरूपता किती वेगळी होती ते बघायचं असेल तर दहा मिनिटं चालत दादाभाई नौरोजी रस्त्यावर जा. तेव्हाचा तो हॉर्नबी रोड. तिथे १८९६च्या कायद्याने एकच अट घातली होती: प्रत्येक इमारतीने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा सलग व्हरांडा सोडायचा. वर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे त्या रस्त्यावर गॉथिक आहे, इंडो-सारासेनिक आहे, अभिजात शैली आहे, सगळं एकमेकांना खेटून. बॅलार्ड इस्टेटमध्ये अट पायथ्यापासून माथ्यापर्यंत होती. खोल दरजांचा जडसा तळमजला, त्यावर शांत मजले, माथ्यावर कंगणी, म्हणजे भिंतीबाहेर आलेली आडवी दगडी पट्टी, जिला आपण साइटवर कॉर्निस म्हणतो, आणि ती कंगणी शेजारच्या इमारतीच्या कंगणीशी जुळती. रस्त्याच्या टोकाला उभं राहून वर बघा, ती रेघ लांबवर जाताना दिसते. वाढीव मजल्यांनी जिथे ती तोडली आहे तिथे मला आजही वाईट वाटतं.

विटेट यांच्याबद्दल दोन ओळी, कारण लोक नाव घेतात पण माणूस माहीत नसतो. जन्म १८७८चा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अॅथोलचा. १९०४ साली मुंबईत आले ते सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांचे सहायक म्हणून. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्यांचं. गेटवे ऑफ इंडिया त्यांचाच. पायाभरणी मार्च १९१३ची, उद्घाटन डिसेंबर १९२४चं. पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने वाढलेल्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष. टाटांचं बॉम्बे हाउसही त्यांच्याच हातचं. १९२६ साली, पन्नाशीही गाठली नव्हती तेव्हा, मुंबईतच वारले आणि शिवडीच्या दफनभूमीत विसावले.

एकाच माणसाने त्याच वर्षांत वस्तुसंग्रहालयाला घुमट आणि जाळ्या दिल्या, गेटवेला गुजरातच्या सुलतानी कमानीची आठवण दिली, आणि बॅलार्ड इस्टेटला मात्र लंडनच्या व्यापारी पेठेचा चेहरा दिला. मला यात विसंगती दिसत नाही. सरकारला हिंदुस्थानात मुळं दाखवायची होती, म्हणून सार्वजनिक इमारती तशा झाल्या. जहाज कंपन्या, विमा कंपन्या आणि एजन्सी हाउसेस यांना बॅलार्ड पिअरवर, म्हणजे इथल्या जहाजांच्या धक्क्यावर उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘तुमचा पैसा लंडनइतकाच इथे सुरक्षित आहे’ हे सांगायचं होतं. विटेट यांनी दोन्ही गिऱ्हाइकांना हवं ते दिलं, आणि दोन्हीकडे दगड मात्र इथलाच वापरला.

आता जमिनीकडे. तुमच्या इमारतीबद्दलची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ही की ती जिथे उभी आहे तिथे समुद्र होता. पूर्व किनाऱ्यावर भराव टाकायला १८५८ साली एल्फिन्स्टन कंपनी निघाली. १८६०च्या दशकात कापसाची तेजी आली आणि कोसळली, १८६९ला सुएझ कालवा उघडला, आणि गोद्या एका खासगी कंपनीच्या हातात ठेवणं सरकारला परवडेना. कंपनी सरकारने विकत घेतली आणि १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख कर्नल जे. ए. बॅलार्ड, पिअर आणि इस्टेट या दोन्हींना नाव त्यांचं. ट्रस्टने १८८०ला प्रिन्सेस डॉक, १८८८ला व्हिक्टोरिया डॉक उघडली. जहाजं मात्र वाढतच गेली आणि जुन्या गोद्या उथळ पडू लागल्या. म्हणून अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, हाती घेतली. तिची कोनशिला नोव्हेंबर १९०५ची, उद्घाटन मार्च १९१४चं.

ही गोदी खणताना जी माती, मुरूम आणि खडक निघाला, त्यातून शेजारच्या किनाऱ्यावर सुमारे २२ एकर जमीन तयार झाली. तीच बॅलार्ड इस्टेट. १९०८ ते १९१४ हा तिच्या उभारणीचा मुख्य काळ. म्हणजे गोदी आणि तुमची इमारत सख्खी बहीण-भावंडं आहेत. एकीच्या पोटातलं दुसरीच्या पायाखाली गेलं आहे.

याचा दुरुस्तीशी संबंध काय? थेट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी याच भागातल्या एका इमारतीच्या तळघरात ओल येत होती. तीन वेळा वॉटरप्रूफिंग झालं होतं, दर वेळी नव्या कंत्राटदाराचं, आणि दर वेळी पुढच्या वर्षी भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पांढरी मिठाची रेघ. मी तिथल्या वॉचमनला एक फूटपट्टी आणि वही दिली. कोपऱ्यात फरशी काढून हातभर खड्डा केला आणि सांगितलं, दिवसातून चार वेळा पाण्याची पातळी लिहायची, वेळेसकट. पंधरा दिवसांनी वही उघडली तेव्हा पाणी दिवसातून दोनदा चढत-उतरत होतं, भरतीच्या मागोमाग थोड्या उशिराने, आणि अमावास्येच्या आसपास सगळ्यांत वर. तो पाइप फुटलेला नव्हता, गटार तुंबलेलं नव्हतं. भरावातून समुद्र श्वास घेत होता. त्यानंतर आम्ही पाणी अडवायचा नाद सोडला, एक खड्डा आणि पंप ठेवला, भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला आणि तळघराला वारा मिळेल अशा जुन्या बुजवलेल्या झडपा उघडल्या. तुमच्या तळघरात काही ठरवण्याआधी ही वही करा. खर्च शून्य.

आता कंत्राटदाराच्या ‘पूर्ण लोड-बेअरिंग’कडे. बाहेरून दगडी भिंत जाड दिसते, म्हणून सगळा भार तिच्यावरच असेल असं वाटणं साहजिक आहे. पण १९१०च्या सुमाराची व्यापारी इमारत संधिकाळातली आहे. लोखंडी सांगाडा मुंबईला नवा नव्हता. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल १८६०च्या दशकात इंग्लंडात ओतलेल्या खांब-तुळयांनी उभं राहिलं होतं. लंडनमध्ये मात्र पोलादी सांगाड्याला मान्यता देऊन बाहेरच्या भिंती पातळ करू देणारा कायदा १९०९ साली आला. त्यामुळे त्या दशकात अभियंते दोन्ही डगरींवर पाय ठेवून काम करत: बाहेर जाड दगडी भिंत, आत पोलादी गर्डर आणि खांब, आणि गर्डरांच्या मध्ये एक तर विटांच्या बुटक्या कमानी, ज्यांना जॅक आर्च म्हणतात, नाहीतर थेट भरलेलं काँक्रीट. तुमच्या इमारतीत यातलं काय आहे ते बाहेरून सांगणं शक्य नाही. फॉल्स सीलिंगची चार पॅनल काढा, बॅटरी घ्या आणि वर बघा.

आणि वर बघाल तेव्हा गर्डरचा उभा पत्रा नीट पुसून घ्या. फोर्टातल्या एका इमारतीत मी शिडीवर असाच चढलो होतो. काळ्या तेलकट काजळीचा थर होता, शंभर वर्षांच्या पंख्यांच्या धुळीचा. रॉकेलच्या फडक्याने पुसला तर खालून उठावाची अक्षरं आली: डॉर्मन लाँग, मिडल्सबरो. हे इंग्लंडातलं पोलादाचं मोठं नाव. मुंबईच्या जुन्या इमारतींत ते जागोजागी सापडतं. मग त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गेलो. तिथल्या गर्डरवर टाटांच्या कारखान्याची मोहोर होती. जमशेदपूरला पोलाद १९१२च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा ओतलं गेलं, आणि इमारतींसाठीचे गर्डर बाजारात सहज मिळायला त्यानंतरही काळ गेला. म्हणजे वरचा मजला नंतर चढवलेला, हे कागद न बघता कळलं. नंतर कागदांनीही तेच सांगितलं. ती अक्षरं पुसताना हाताला जे वाटलं ते मला अजून आठवतं. गर्डर बोलायला लागल्यासारखं वाटलं होतं.

अशा आणखी काही खुणा आहेत. सिमेंट त्या काळी मुख्यतः जहाजाने पिंपांतून यायचं. पोरबंदरचा कारखाना १९१४ला चालू झाला. म्हणून मूळ बांधकामात चुना जास्त आणि सिमेंट हात राखून वापरलेलं दिसतं. जमिनीवर रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या असतील आणि मागे भारत कंपनीचं नाव असेल तर ती जमीन १९२२नंतरची, कारण कंपनीच त्या वर्षीची. विजेचं उलट आहे: ट्रामवाल्या कंपनीने मुंबईत १९०५पासून वीज द्यायला सुरुवात केली आणि १९०७ला विजेची ट्राम धावली, त्यामुळे बॅलार्ड इस्टेटच्या इमारती पंखा आणि दिवा गृहीत धरून बांधल्या गेल्या. सागवानी पट्टीखालून गेलेली जुनी वायरिंग आणि चिनीमातीची बटणं सापडली तर ती मूळची असू शकतात. फेकू नका. तारा मात्र नक्की काढा.

इथे थोडं थांबून आगीबद्दल बोलायलाच हवं. २०१८च्या जूनमध्ये बॅलार्ड इस्टेटमधल्या सिंदिया हाउसला आणि एप्रिल २०२५ला कैसर-ए-हिंद इमारतीला मोठी आग लागली. सरकारी कार्यालयं, कागदांचे ढीग, लाकडी पार्टिशनं, वर फॉल्स सीलिंगची पोकळी, असं चित्र या भागातल्या बहुतेक इमारतींत आहे. दगड आगीला बराच वेळ दाद देत नाही हे खरं, पण आतला उघडा पोलादी गर्डर साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास आपली जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. ‘दगडी इमारत, जळणार कशी’ असं तुमच्या समितीत कोणी म्हणालं तर हे त्यांना सांगा. इतिहास लिहिताना उघडे गर्डर नकाशावर लाल शाईने दाखवा. अग्निशमनाचं काम करणाऱ्याला तोच नकाशा सगळ्यांत उपयोगी पडेल.

आता दगड आणि दरजा. इथेच मी कंत्राटदाराला थांबवायला सांगितलं होतं.

या काळातल्या मुंबईच्या इमारतींत दोन दगड मुख्य: मालाडचा पिवळसर आणि कुर्ल्याचा करडा बेसाल्ट. वस्तुसंग्रहालयातही हेच दोन. मालाडचा दगड पाथरवटाच्या टाकीला छान मानतो, म्हणून कंगणी, कोपरे, कमानीच्या माथ्यावरचे दगड त्यात घडवलेले असतात. पण तो बेसाल्टइतका घट्ट नाही. पाणी पितो आणि वाळतो. मूळ बांधकामात तो चुन्याच्या दरजांत बसवला होता, आणि चुना दगडाहून मऊ असल्यामुळे आत गेलेलं पाणी दरजेतून बाहेर पडायचं. झिजायची ती दरज. ती दर वीस-पंचवीस वर्षांनी भरून घ्यायची, एवढीच देखभाल.

मी नवखा असताना फोर्टातल्या एका इमारतीत हे काम उलटं केलं. एका कार्यालयात सहायक होतो, मोजमाप माझं होतं आणि सही माझीही होती. चुन्याच्या दरजा खरवडून काढल्या आणि सिमेंटने घट्ट भरल्या. काम झाल्यावर इमारत इतकी नीटनेटकी दिसत होती की मालकाने पेढे वाटले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी सहज बघायला गेलो. दगडाचे पापुद्रे सुटत होते. नखाने घासलं तर साखरेसारखे दाणे गळत होते. आणि सिमेंटच्या दरजा मात्र जशाच्या तशा, दगड मागे सरकल्याने दोन-तीन सेंटिमीटर पुढे आलेल्या, एखाद्या जाळीसारख्या. पाण्याला बाहेर पडायला दरज राहिली नव्हती, म्हणून ते दगडाच्या तोंडावाटे बाहेर पडत होतं, आणि सोबत मीठ आणून दगड आतून फोडत होतं. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे, मीठ कधी संपत नाही. गेलेला दगड परत आणता आला नाही. मालाडच्या खाणी केव्हाच बंद झाल्या आहेत. आज तो दगड हवा असेल तर पाडलेल्या इमारतींतून शोधत फिरावं लागतं. तेव्हापासून दगडी भिंतीवर सिमेंटची थापी दिसली की मी काम थांबवतो, मग कोण रागावतं ते बघत नाही.

सीलरचं तेच. वरून चकचकीत थर दिला की पाणी आत कोंडतं. रंग तर नकोच. सँडब्लास्टिंग करून ‘नवा दिसतो’ असं दाखवणारे येतील. ते दगडाची घट्ट झालेली बाहेरची साय खरवडून नेतात. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि काळ्या पापुद्र्यांसाठी ओल्या लगद्याचे लेप, एवढं पुरतं. दरजांसाठी मळलेला चुना, वाळू, आणि गरजेप्रमाणे विटांची भुकटी. गूळ, मेथी, बेलफळ घालायच्या पाककृती तुम्हाला शंभर जण सांगतील. त्यातल्या काही जुन्या आहेत आणि चांगल्याही आहेत, पण तुमच्या भिंतीत काय आहे ते भिंतीलाच विचारा: चार ठिकाणांहून मूठ-मूठ जुना चुना काढून प्रयोगशाळेत द्या, वाळू किती, चुना किती ते कळेल, आणि तसंच मिश्रण करा.

लोखंडाचा धोका मात्र दगडाच्या आत लपलेला असतो. सज्ज्याखालचे तोडे, कंगणीला मागे धरणारे पट्टे, खिडकीवरचे गर्डर, हे सगळं पोलाद दगडात बुजवलेलं आहे. गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट फुगतो आणि दगड सरळ रेषेत चिरतो. म्हणून आडवी, सरळ, एकाच उंचीवर जाणारी भेग दिसली तर ती पायाची समजू नका. आधी तिथे लोखंड शोधा. तिरकी, पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग असेल तर पाया खचल्याची शंका घ्या आणि तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून सहा महिने नजर ठेवा.

कागदांकडे आता. लोक पहिल्यांदा महापालिकेत जातात. इथे पहिला दरवाजा पोर्टचा आहे, कारण जमीन पोर्ट ट्रस्टची, आजच्या नावाने मुंबई पोर्ट अथॉरिटीची, आणि इमारत भाडेपट्ट्यावर. भाडेपट्ट्याचा मूळ करार आणि त्याला जोडलेला नकाशा मालकाकडे किंवा पोर्टच्या इस्टेट खात्यात असतो. त्यात पट्टा कधीपासून, किती मुदतीत बांधकाम पुरं करायचं, दर्शनी भागाबद्दल कोणत्या अटी, हे लिहिलेलं असतं. १९१४ की १९२५ हा तुमच्या समितीतला वाद तिथे सुटेल. पोर्ट ट्रस्टचे वार्षिक प्रशासन अहवालही बघा. कोणता भूखंड कधी दिला, त्याच्या नोंदी त्यांत सापडतात. मग मिळकत पत्रिका काढा, कॅडेस्ट्रल सर्व्हे क्रमांकावरून, म्हणजे जमीनमोजणीतल्या भूखंडाच्या क्रमांकावरून. त्यानंतर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या काढा. पत्ता धरून दर पाच वर्षांची डिरेक्टरी बघितली तर इमारतीत कोण आलं आणि कोण गेलं याची माळ तयार होते. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-तीन शनिवार जातील. पण खरा इतिहास त्यातच आहे.

कारण या वसाहतीचा इतिहास म्हणजे इथल्या पाट्यांचा इतिहास. एकीकडे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनचे एजंट मॅकिनन मॅकेन्झी. त्यांच्या नावाची इमारत आजही इथे आहे. हिंदी महासागरातल्या वाहतुकीवर त्या गटाची पकड होती. दुसरीकडे १९१९ साली आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि सहकाऱ्यांनी काढलेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेलं ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून विलायतेला निघालं. त्या तारखेला आज आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून या कंपनीला बुडवायचा प्रयत्न केला, ती टिकली, आणि तिचं सिंदिया हाउस त्याच बॅलार्ड इस्टेटमध्ये उभं राहिलं. आज तिथल्या रस्त्यांवर नरोत्तम मोरारजी आणि वालचंद हिराचंद ही नावं आहेत. तुमच्या इमारतीत जहाजवाहतुकीची जुनी कार्यालयं आहेत असं लिहिलंत. डिरेक्टरीत ही नावं किंवा त्यांचे हस्तक सापडले तर ते पान इमारतीच्या इतिहासात पहिल्या क्रमांकावर लावा.

दोन युद्धांच्या खुणाही शोधा. इस्टेट पुरी होते न होते तोच पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बॅलार्ड पिअर फौजांच्या ये-जा करण्यात गुंतला. पोर्ट ट्रस्टचं युद्धस्मारक चौकात उभं आहे, ते तुम्ही रोज ओलांडत असाल. दुसऱ्या महायुद्धात १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज कापूस आणि दारूगोळ्यासकट फुटलं. किती तरी लांबपर्यंत काचा फुटल्या. तुमच्या इमारतीत गोदीकडच्या खिडक्यांची चौकट, बिजागऱ्या किंवा काच रस्त्याकडच्या खिडक्यांहून वेगळी असेल तर १९४४-४५च्या दुरुस्तीची बिलं शोधायला लागा. भाडेकरूंपैकी एखाद्या जुन्या पेढीच्या कपाटात ती निघू शकतात.

परवानग्यांचं थोडक्यात: बॅलार्ड इस्टेट हा परिसर १९९५च्या वारसा नियमावलीपासून संरक्षित आहे. दर्शनी भागाला, कंगणीला, खिडक्यांना हात लावायचा तर महापालिकेच्या वारसा समितीची मान्यता लागते आणि जमीनमालक म्हणून पोर्टची ना-हरकत. मी सुरुवातीला दोन हात म्हटलं ते इथेही उपयोगी पडतं. आतल्या पार्टिशनांवर, फॉल्स सीलिंगवर, तारांवर तुम्ही मोकळेपणाने निर्णय घ्या, आणि उशीर करू नका. बाहेरचा दगड मात्र रस्त्याचा आहे असं समजा. तुमच्या कंगणीची रेघ शेजारच्या कंगणीशी जोडलेली आहे आणि ती रेघ तुमच्या आधी कोणीतरी विचारपूर्वक आखली आहे.

पैसे मर्यादित असतील तर क्रम असा धरा: आधी गच्ची आणि पन्हळी, कारण वरून येणारं पाणी थांबलं नाही तर खालचं सगळं वाया. मग वायरिंग. मग गर्डरांची टोकं जिथे भिंतीत शिरतात ती जागा, कारण गंज तिथेच पहिल्यांदा लागतो आणि तिथेच दिसत नाही. दर्शनी दगड सगळ्यांत शेवटी. समितीला हा क्रम आवडणार नाही, कारण पहिल्या दोन वर्षांत बाहेरून काहीच बदललेलं दिसणार नाही. तरी आग्रह धरा.

फॉल्स सीलिंग उघडल्यावर गर्डरवर काय अक्षरं निघाली ते कळवा, फोटो असेल तर उत्तम. जवळ एक मोजपट्टी ठेवून काढा म्हणजे गर्डरची खोली समजेल. आणि तळघरातली ती पाण्याची वही पावसाळ्याआधीच सुरू करा, म्हणजे भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी वेगळं ओळखता येईल. भरतीच्या वेळा पोर्टच्या तक्त्यात मिळतात.